उचललेला भंडारा

आमच्या मालकांच्या जिभेला आजवर एक बी गोष्ट पसंत पडलेली न्हाई. चहा दिला तर पातळ, भाकर दिली तर जाड, नुसतं पाणी दिलं तर म्हणतील, माठ धुतलाच न्हाईस. नाव बिराप्पा, देवाचं. आन् काम दुसऱ्याच्या रांधण्याला नावं ठेवायचं. लग्न होऊन मुडबीला आले तवापासून मी हे ऐकायलेय, आन् ऐकून ऐकून माझं बी तोंड काही लहान राहिलं न्हाई. ते एक बोलले की मी दोन बोलते. शेजारच्या विमलबाई म्हणतात, "पद्माबाई, तुमच्या घराशेजारी राहून आम्हाला टीव्ही कामून लागंल?" असा हा माणूस, मीठ कमी पडलं म्हणून लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला हाक मारणारा, एका ऐतवारी गिलासभर विख गपगुमान पिऊन बसला. सांगितलं तर कुणाला खरं वाटत न्हाई. पण ऐका.

सगळं सुरू झालं माझ्या बागेपासून. बाग म्हणजे काय, मोरीच्या मागं उरलेली जराशी जागा. घरातलं काही फेकायचं न्हाई, ही माझी खोड. लसणाला कोंब आले की पाकळ्या तेलाच्या रिकाम्या डब्यात रोवायच्या, आल्याला डोळा फुटला की फुटक्या घागरीत. कांद्याचं बूड, पुदिन्याच्या काड्या, नासका टमाटा, कोंब आलेला बटाटा, सगळं मातीत. साली, खरकटं आन् चहाचा चोथा एका खड्ड्यात, आन् मोरीचं पाणी नाली काढून तिकडंच. त्या कचऱ्यातनं जे हिरवं वर यायचं ते बघून मला असं वाटायचं की हे सगळं मीच पैदा केलंय. लई कवतिक होतं मला त्याचं, खोटं कामून बोलू?

मालक त्याला उकिरडा म्हणायचे. मच्छर चावले, उकिरड्यामुळं. पोट दुखलं, उकिरड्यामुळं. मोबाइलला रेंज आली न्हाई तरी उकिरड्यामुळं.

दिवाळी झाल्यावर आमच्या मनीषाचे सासू-सासरे पहिल्यांदाच मुक्कामाला आले. मी माझ्या टमाट्याची, माझ्या लसणाची चटणी वाटून वाढली. इहीणबाईंनी बोट चाटलं, "वा" म्हणाल्या. तेवढ्यात आमचं हे रत्न काय बोललं? "जपून खावा, उकिरड्यावरची हाय." इहीणबाईंचा हात तसाच थांबला. पान उचललं तवा चटणी जागच्या जागी होती. आगं माय, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पाव्हण्यांची जीप वळली न वळली, मी देवघरातली भंडाऱ्याची वाटी आणून ह्यांच्यापुढं धरली. भंडारा म्हणजे बिरदेवाची हळद. आम्ही धनगर माणसं. एक वेळ कोर्टात खोटं बोलू, पण भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत न्हाई.

"उचला," मी म्हटलं. "माझ्या बागेतल्या कुठल्याच जिनसीला ह्यापुढं नाव ठेवणार न्हाई म्हणा."

ते हसायले. मी हसले न्हाई.

"येडी झालीस काय गं?"

"व्हय, झाले. उचला, न्हाईतर मी मनीषाकडं निघाले. ऱ्हावा हितं आपल्या हातचं खात."

तवा उचलला. चिमूट कपाळाला लावली आन् म्हणाले, "बिरदेवाच्यान, तुझ्या बागेतल्या कशालाच नाव ठेवणार न्हाई." त्या दिवसापास्नं गंमतच झाली. माझ्या पुदिन्याची चटणी पुढं आली की तोंड उघडायचे, देवघराकडं बघायचे आन् तोंड मिटायचे. मी पदराआड हसायची. माझ्या जिवाला लई थंडावा मिळायचा त्यानं.

पावसाळ्यात खड्ड्याच्या कडंनं एक वेल आपोआप वर आला. कवाच्या तरी भोपळ्याच्या बिया सालींबरोबर पडल्या असतील. मोरीचं पाणी पिऊन असा माजला की न्हाणीच्या पत्र्यावर चढून बसला. पांढरी फुलं आली, आन् एक भोपळा धरला. दुध्या. लांबट, हिरवागार, अंगावर बारीक लव. मी रोज जाऊन बघायची. विमलबाईंना सुद्धा नेऊन दाखवला.

मालकांना शुगर निघालेली. त्यांचा दोस्त धोंडप्पा दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ धाडत बसतो. त्यानं एक धाडला, सकाळी उपाशीपोटी भोपळ्याचा रस प्यायला की शुगर पळती. मग काय, ऐतवारी उजाडताच मी भोपळा तोडला.

एरवी दुध्या असो की काकडी, देठाकडची एक चकती चाखल्याबिगर मी पुढं चिरतच न्हाई. माझ्या आईनं लावलेली सवय हाय ती. पण ऐतवार माझा बिरदेवाचा उपास. उपासाला कच्च्या भाजीचा तुकडा तोंडात कसा घालू? तसाच अर्धा चिरला, जिरं घातलं, मीठ घातलं, मिक्सरमधनं फिरवला, गाळला आन् गिलास हातात दिला. साली नेऊन दारातल्या शेळीपुढं टाकल्या. शेळीनं हुंगलं, नाक फुरफुरवलं आन् तोंड फिरवलं. "माजलीस व्हय गं?" म्हणून मी तिला एक धपाटा घातला.

मालकांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. माझ्याकडं बघितलं, मग देवघराकडं बघितलं. मग सगळा गिलास एका दमात रिकामा केला.

"कसा हाय?"

"हं," म्हणाले.

मी मनातल्या मनात फुगले. म्हटलं, चला, आवडला.

भांडी घासायला बसले, तेवढ्यात दारापुढच्या ओट्यावरनं ओकारीचा आवाज आला. पळत गेले. मालक भिंत धरून वाकलेले, पुढं सगळं हिरवं पाणी. कपाळाला घाम. "पोटात पीळ पडायलाय," म्हणाले, आन् परत ओकले. मी पाठ चोळायले. चोळता चोळता माझी नजर शेळीकडं गेली. साली तशाच पडलेल्या. आमची शेळी म्हणजे पेपर खाणारी, साबणाचा कागद खाणारी, एकदा माझ्या लुगड्याचा पदर खाल्लेली. तिनं ताज्या भोपळ्याची साल सोडली!

मी मिक्सरचं भांडं उचललं, बोट फिरवलं आन् जिभेला लावलं. ऐतवार गेला उडत. थू! थू! नुसतं जहर. जीभ आतनं आवळून आली.

"कडू व्हता व्हय ओ?"

त्यांनी मान हलवली, व्हय म्हणून.

"आन् प्यालाव कामून?"

परत ओकारीच आली. माझा बाप मेंढरांमागं हिंडणारा माणूस. कडू भोपळ्याचा वेल दिसला की कळप आडवा वळवायचा. म्हणायचा, हे पोटात गेलं तर मेंढरू बी जातं आन् माणूस बी जातं. ते सगळं मला त्या ओट्यावर आठवलं.

गल्लीतल्या भीमाशंकरला टमटम काढायला लावली. आमच्या बिदरकडच्या कल्याणचा रस्ता कसा हाय तुम्हाला ठाऊक असंल. एरवी मी त्या खड्ड्यांना शिव्या देते, त्या दिवशी सगळ्या शिव्या मालकांना दिल्या. "थुंकायचं न्हाई व्हय? बोंबलायचं न्हाई व्हय? दुसऱ्याच्या घरी चहात साखर कमी पडली तर दिसती, आन् हितं जीभ कुठं गेल्ती?" ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून पडलेले. एकदा बी उलटून बोलले न्हाईत. तवाच मला खरी भीती वाटली. भांडणात हा माणूस कवा गप बसत न्हाई.

कल्याणात एक खाजगी दवाखाना हाय, खाली दवाखाना आन् वर डॉक्टरांचं घर. ऐतवार म्हणून डॉक्टर बसलेले न्हाईत. खाली एकटी सिस्टर, शाहीन नावाची, बिदरची पोरगी. गोड होती बिचारी. तिनं ह्यांना बाकड्यावर निजवलं आन् विचारलं, "क्या हुआ अम्मा? सुबू से क्या खाए, क्या पिए?"

मला तिची बोली कळती, तिला माझी कळती; आमच्याकडं सगळ्यांचं असंच चालतं, ज्याची त्यानं बोलायची आन् समोरच्यानं समजून घ्यायची. पण माझा जीव थाऱ्यावर न्हवता. मी म्हटलं, "कडू प्यालेत, बाई! कडू!"

"कद्दू? कद्दू का जूस पिए?"

"व्हय व्हय, कडूच! लई कडू!"

"भोत पिए क्या?"

"गिलास भरून!"

"हौ," म्हणाली ती, आन् माझ्या हातावर हात ठेवला. "डरो नक्को अम्मा. ठंडा पड गया होंगा पेट में. शुगर का पेशंट है, खाली पेट कू जमा नहीं."

मला वाटलं, हिला सगळं ठाऊक हाय, म्हणून तर एवढी निवांत हाय. शिकलेली पोरगी, रोज असले कितीक बघत असंल. तिनं एक सुई दिली, ओकारीची गोळी दिली. म्हणाली, "थोडा लेटाओ, फिर घर कू लेके जाओ. छाछ पिलाओ."

मी बिरदेवाचं नाव घेतलं आन् भीमाशंकरला टमटम वळवून ठेवायला सांगितलं.

पण गोळी पोटात ठरंना. आता ओकारीत लाल धागे दिसायले. हात धरला तर गार, नखं पांढरी पडलेली. "पदमे," म्हणाले, "डोळ्यापुढं अंधारी यायली." मी परत सिस्टरकडं गेले. तिच्यापुढं एक बाई ताप आलेलं लेकरू घेऊन बसलेली.

"सिस्टर, ते बरं दिसंनात. कडूनं माणूस जातो म्हणतात ओ!"

ती हसली. मला धीर द्यायला हसली, मला कळतं ते. म्हणाली, "अम्मा, कद्दू से कौन मरता? हमारे घर में तो शादी में कद्दू की खीर बनती. सब खाते."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. कडूची खीर? लग्नात? कडूची खीर कोण करतं? साखर घालून, दूध घालून, पाव्हण्यांना कडू कोण खाऊ घालतं? आन् मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ह्या लोकांत भोपळ्याला कद्दू म्हणतात! मी कडू कडू म्हणून बोंबलायले, आन् ही ऐकायली भोपळा भोपळा. मी म्हणते जहर प्यालेत, ती म्हणती भोपळा प्याले, त्यात काय एवढं! आम्ही दोघी एकमेकींना व्हय व्हय म्हणायलो, आन् माझा माणूस तिकडं बाकड्यावर मरायला लागलाय.

"कद्दू न्हाई गं बाई!" मी असं ओरडले की ते तापातलं लेकरू रडायला लागलं. "कडू! कडवा! तुमचा कद्दू कडवा होता, जहर होता! कहि, कहि!" मराठी, दखनी, कन्नड, तोंडाला येईल ते. मी बोट तोंडात घालून, थुंकून, तोंड वाकडं करून दाखवलं.

शाहीनचं हसू गेलं. "कडवा कद्दू पिए? या अल्ला!" हातातलं पेन तिथंच टाकून ती जिन्यावरनं वर पळाली. तिची एक चप्पल पायरीवरच राहिली.

गुरुबसव डॉक्टर ओल्या केसांनीच खाली आले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, पट्टा बांधून बी.पी. बघितली आन् परत बघितली. मग दोन्ही हातांना सलाईन लावल्या, बाटल्या दाबून दाबून आत सोडायले. मला कन्नडात म्हणाले, "अक्का, ह्या विखावर उतारा असा न्हाई. पाणी देत ऱ्हायचं आन् बी.पी. धरती का बघायचं. आत्ता ती धरंना. संध्याकाळपर्यंत धरली तर माणूस तुमचा."

"आन् न्हाई धरली तर?" मी विचारलं.

ते बाटलीकडं बघत राहिले.

मी दाराशी भुईवर बसले. माझ्या जिभेवरचा कडूपणा जाईना. एका बोटाला लागलेल्या रसानं माझी ही गत, आन् ह्यांनी गिलास रिचवला, आन् चेहऱ्यावर सुरकुती सुद्धा पडू दिली न्हाई. राग यायला, रडू यायलं, परत राग यायला. भीमाशंकर येऊन म्हणाला, "काकू, मनीषाला फोन लावू का?" मी म्हटलं, "लाव." मग म्हटलं, "नको, थांब." मग परत म्हटलं, "लाव रे बाबा." फोन लागला तसं मी हातानंच 'तू बोल' म्हणून खुणावलं. त्यानंच सांगितलं.

दुपार गेली. बाटल्या बदलल्या. शाहीन येताजाता पट्टा आवळून बघायची आन् माझ्याकडं न बघता निघून जायची. मला वाटायचं, आता ही थांबंल, आन् थांबली की समजायचं, संपलं. ती थांबली न्हाई. उन्हं उतरल्यावर एकदा थांबली.

"धरी, अम्मा," म्हणाली. "बी.पी. धरी." आन् तीच रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिचा शब्द खरा, माझा बी शब्द खरा.

आत गेले तर मालकांचे डोळे उघडे. डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून बघत होते. नळी काढून त्यांनी सरळ विचारलं, "यजमान्र, कहि इत्तंद्र याक कुडिद्री?" कडू होतं तर प्यालाव कामून? जे मी ओट्यावर विचारलं होतं तेच.

मालकांचे ओठ वाळलेले. ते डॉक्टरांकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाले, "भंडारा उचललो होतो."

डॉक्टरांना काही कळलं न्हाई. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात?"

मी काय सांगू? म्हणू की मीच ह्यांचं तोंड बांधलं? मी तशीच बाहेर आले आन् नळाखाली तोंड धरलं. कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. शाहीननं मागनं येऊन केळं हातात दिलं. "रोजा है क्या अम्मा तुम्हारा?" मी म्हटलं, "होता गं."

दवाखान्यातनं घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं, तो वेल मुळासकट उपटला, उरलेला भोपळा आन् साली खोल खड्डा करून पुरल्या. बाकीची बाग ठेवली. लसणानं काय गुन्हा केलाय? डॉक्टर म्हणाले, भोपळ्याच्या घरच्या बियांचा भरवसा न्हाई, कवा कडू निघंल सांगता येत न्हाई, म्हणून चाखल्याबिगर करायचं न्हाई. मी काय लेकरू हाय? आता उपास असला तरी चाखते. देवाला काय रागवायचं ते माझ्यावर रागवू दे.

पण घर बदललं. मालक बोलंनात. मऊ भात दिला, खाल्ला. ताक दिलं, प्याले. पातळ वरण दिलं, वाटी पुसून परत दिली. नाव न्हाई, खोट न्हाई, तक्रार न्हाई. एवढी वर्षं मी हेच मागत होते की न्हाई? आन् आता ह्या गप बसण्यानं माझ्या जिवाला घोर लागला. वाटायचं, आत काही दुखत असंल आन् सांगत नसतील. ते ताटावर बसले की मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची, भुवई हलती का, गिळताना थांबतात का. घास गिळला गेला की मी श्वास सोडायची. असं किती दिवस जगायचं माणसानं?

शेवटी एका दुपारी ताट वाढलं. माझ्या बागेतल्या लसणाची फोडणी दिलेली डाळ, भात, जराशी पुदिन्याची चटणी. ते हात धुऊन बसले. मी देवघरातनं भंडाऱ्याची वाटी आणली. त्यांनी वाटी बघितली आन् घाबरून माझ्याकडं बघितलं.

"आता आन् काय उचलायला लावतीस?"

"काही न्हाई. गप बसा." मी चिमूट घेतली, त्यांच्या कपाळाला लावली, माझ्या कपाळाला लावली. "बिरदेवा, ह्यांचा शब्द मी सोडवला. आजपास्नं ह्यांनी नाव ठेवायचं. माझ्या बागेला ठेवायचं, माझ्या हाताला ठेवायचं, मला ठेवायचं. गप बसलेत तर माझं मेलेलं तोंड बघतील."

"आगं ए," म्हणाले, "एवढी मोठी आण घालतीस व्हय?"

"जेवा."

त्यांनी डाळ-भात कालवला. घास घेतला. चावला, हळूहळू, जसा काही हिशेब करायलेत. देवघराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझे डोळे भरलेले त्यांना दिसले असतील.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

"व्हय?"

"व्हय. आन् भात बी चिकट झालाय. आन् ही चटणी कसली, नुसता पाला. उकिरड्यावरचा."

मी पदर तोंडाला लावला. हसायले का रडायले मलाच कळंना. "आणते," मी म्हटलं, आन् मिठाचा डबा आणायला उठले.

मीठ बरोबर होतं. मी चाखून बघितलं होतं.